चांगलं वळण

१८ जानेवारी, गुरुवार

पोचलो एकदाचे. मिरजेहून गाडीनं साडेआठ तास. त्यातले सात तास जुई झोपली आणि उरलेल्या दीड तासात तिनं उन्मेषचे दोन शर्ट बाद केले. तो इतका खूश होता की तिसरा घालायलाही तयार होता. ऑक्टोबरपासून बिचारा या घरात एकटा राहतोय. आमच्यासाठी त्यानं पाळणा आणून, जोडून, वर चिमण्यांचं झुंबर टांगून ठेवलं होतं. एक चिमणी उलटी लागली आहे. मी काही बोलले नाही.

चौदावा मजला. हॉल, एक बेडरूम, बेताचं स्वयंपाकघर, पण उजेड भरपूर. खिडकीतून गिरणीची चिमणी दिसते. गिरणी गेली, नुसती चिमणी ठेवली आहे. तिच्याभोवती काचेची ऑफिसं, आणि त्यातल्याच एका काचेमागे उन्मेष बसतो. घरापासून चालत अठरा मिनिटं, हे त्यानं घड्याळ लावून मोजलं आहे. खालच्या गल्लीत मिरच्या कांडतात, त्यामुळे दुपारी सगळी गल्ली शिंकते. मला आवडलं. मिरजेतल्या आमच्या आळीत कुणी शिंकलं तरी शेजारी दार लोटून घेतात.

आईनं डिंकाचे लाडू, बाळंतकाढा आणि मालिशचं तेल दिलंय, प्रत्येक बरणीवर चिठ्ठी आणि तारीख. ही नवी वहीही तिनंच बॅगेत घातली. बाबांची शिकवण तिनं चालू ठेवली आहे. शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. आधी लिहावं, मग बोलावं, असं ते म्हणायचे. लिहून झालं की निम्म्या गोष्टी बोलायच्या उरतच नाहीत. आठव्या वर्षापासूनच्या माझ्या एकोणीस वह्या मिरजेला माळ्यावर आहेत. ही विसावी जुईची.

आज वय अकरा आठवडे दोन दिवस. वजन पाच किलो शंभर. लांबी अठ्ठावन्न सेंटिमीटर. डाव्या कानाची पाळी किंचित दुमडलेली. दूध सात वेळा.

२० जानेवारी

एक गोष्ट उन्मेषला सांगितलेली नाही, ती इथे लिहिते.

मी दत्तक आहे, हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे. बाबांनी ते फळ्यावर आकृती काढून समजवावं तसं समजावलं होतं, त्यामुळे रडायचं राहूनच गेलं. उन्मेषलाही ते माहीत आहे. पण दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा त्यांच्या फायलीत मला एक कागद सापडला. त्यावर बाबांच्या अक्षरात ‘गोविंदभुवन, खोली २७, लालबाग’ आणि खाली ‘कौसल्या रघुनाथ’. बस.

उन्मेषची बदली इकडे झाली तेव्हा घर मीच शोधलं. ऑफिस जवळ आहे, असं कारण दिलं. खोटं नव्हतं. गोविंदभुवन चाळ पाडून आठ वर्षं झाली. तिच्या जागी हे दोन टॉवर आहेत. पलीकडचा पोहण्याच्या तलावाचा, विकत घेणाऱ्यांचा. अलीकडचा चाळीतल्या जुन्या भाडेकरूंचा, ज्यातल्या काहींनी आपली जागा भाड्यानं दिली आहे. आमचे घरमालक विरारला राहतात.

कुणाला शोधायचं, भेटायचं असं काही मनात नाही. फक्त बघायचं होतं.

२४ जानेवारी

लिफ्टमध्ये एक म्हातारी भेटली. सत्तरीच्या पुढची, हातात कोळंबीची पिशवी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि एक हात लिफ्टच्या भिंतीला टेकवला. कोणाची गो तू, असं विचारलं. मी म्हटलं, चौदाशे तीनमध्ये नवीन आलोय. माहेर विचारलं, मी मिरज सांगितलं. तिनं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

दुपारी ती वर आली. नाव सुभद्रा, बाराव्या मजल्यावर एकटी राहते. नवरा गिरणीत होता, मुलगा आता दुबईला. जुईला मांडीवर घेऊन तिनं जे मालिश केलं, त्यापुढे आईच्या बरणीवरच्या सूचना फिक्या. आता रोज दुपारी येईन म्हणाली. तिच्या पदराला सुक्या बोंबलाचा वास होता. मी जन्मात मासे खाल्ले नाहीत, तरी तोंडाला पाणी सुटलं. गंमत वाटली.

३० जानेवारी

मी चहा करत होते आणि सुभद्रामावशी मागे जुईला घेऊन बसल्या होत्या. जुईला थोपटणं एकदम थांबलं. मग म्हणाल्या, अशीच उभी राहायची ती. मी खाली पाहिलं. डाव्या पायावर उभी होते आणि उजव्या पायाचा तळवा डाव्या गुडघ्याला टेकवलेला. ओट्याशी मी नेहमी तशीच उभी राहते. आई त्यावरून बगळा म्हणायची.

मग मी कागदाबद्दल सांगितलं. त्यांनी जुईला पाळण्यात ठेवलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं.

कौसल्या राजापूरकडची, रघूशी लग्न करून चाळीत आली. हसरी, कामसू, तिच्या हातचं कालवण खायला माणसं निमित्त काढून यायची. मूल झालं आणि तीन महिन्यांनी बिघडलं. मूल बदललंय म्हणायला लागली. ‘ह्या माझा पोर न्हय.’ माझं कुणीतरी नेलं आणि हे ठेवलं. सुरुवातीला बायका हसल्या, मग देवऋषी झाला, मग हसायचं थांबलं. गॅलरीत उभी राहून ती असं ओरडायची की समोरच्या चाळीतली माणसं बाहेर यायची. ती ओरडली की सुभद्रामावशी धावत जाऊन मूल आपल्या खोलीत आणायच्या. एका दुपारी ती अशीच ओरडली. बायका धावल्या, तेव्हा मूल पाण्याच्या पिंपात होतं आणि ती पिंपाशी उभी राहून सगळ्यांना हाका मारत होती, या, बघा, माझं असतं तर मला कळलं नसतं का. सुभद्रामावशींनी मूल काढलं. उलटं धरलं, पाठीवर मारलं.

एवढं सांगून त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

‘ती बोंबलली म्हणान तू वाचलंस गो.’

कौसल्येला इस्पितळात नेलं. घाबरलेल्या रघूनं एका नर्सच्या ओळखीनं, कोर्टाचे कागद करून, मिरजेच्या मास्तरांना मूल दिलं. पाच महिन्यांनी कौसल्या बरी होऊन घरी आली. अगदी पहिल्यासारखी. पायरी चढताच तिनं मूल मागितलं. रघूनं मेलं म्हणून सांगितलं. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. चाळीत कुणाचं बारसं असलं की जायची, पण दाराशीच थांबायची. कुणी मूल पुढे केलं तर हात मागे घ्यायची.

३१ जानेवारी

शांतपणे विचार केला. वाचलंही. बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो. आईला झाला असेल तर मुलीला होण्याचा धोका वाढतो. पण धोका म्हणजे नशीब नव्हे. औषधांनी आजार पूर्ण बरा होतो. वेळेवर सांगणं, एवढंच महत्त्वाचं. कौसल्या बरी झालीच की.

तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. रविवारी उन्मेषला सगळं सांगेन, म्हणजे तोही लक्ष ठेवील.

४ फेब्रुवारी, रविवार

नाही सांगितलं. त्यानं सकाळी पोहे केले, जुईला छातीशी बांधून खालच्या बाजारात नेलं, चिवड्याच्या दुकानातल्या माणसाला नाव सांगून आला. इतका आनंदात होता. पुढच्या रविवारी.

९ फेब्रुवारी

आज दुपारी अंघोळ करून बाहेर आले. जुई पाळण्यात जागी होती. माझ्याकडे बघत होती.

नीट लिहिते. रोज ती मला बघते तेव्हा आधी पाय हलतात, मग तोंड उघडतं. आज काही हललं नाही. घरात आलेल्या पाहुण्याकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिनं, सवड काढून, पाय हलवले.

तीन सेकंद असेल. झोप अपुरी होते आहे. दुपारी झोपायला हवं.

१३ फेब्रुवारी

लसीसाठी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरबाई चांगल्या आहेत, वेळ देतात. जुईचं वजन सहा किलो, सगळं उत्तम. मग त्यांनी माझ्या हातात एक छापील कागद दिला. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच भीती वाटली का, अशा प्रश्नांपुढे खुणा करायच्या होत्या. मी शिक्षकाची मुलगी. कुठल्या प्रश्नाला कुठलं उत्तर अपेक्षित आहे ते मला कळतं. सगळ्या खुणा बरोबर जागी केल्या.

सांगायचं ठरवून गेले होते. वाक्य तयार होतं, मला जन्म देणाऱ्या आईला हा आजार होता आणि मला कधीकधी बाळ वेगळं वाटतं. बाईंनी विचारलं, आणखी काही. मी हसून म्हटलं, काही नाही, छान चाललंय. बाईंनी उन्मेषला सांगितलं की पहिलटकरणी इतक्या शांत फार कमी असतात.

रिक्षा मिळेपर्यंत त्यानं माझा हात धरला होता. मला तो हात घट्ट दाबायचा होता. मी दाबला नाही.

१८ फेब्रुवारी

डाव्या कानाची पाळी. पहिल्या दिवशी मी ‘किंचित दुमडलेली’ लिहिलं आहे. आज ती सरळ आहे. बाळाचे कान उशीवर दबतात आणि मोकळे होतात, हे मला ठाऊक आहे. तरी मोजून ठेवते. पावलाची लांबी, उजवं आठ पूर्णांक नऊ, डावं नऊ. दोन भुवयांमधलं अंतर. करंगळीच्या नखाचा आकार.

मोजमापात चूक राहते म्हणून प्रत्येक माप तीनदा घ्यायचं, ही बाबांची पद्धत.

२२ फेब्रुवारी

आईला फोन केला. सुभद्रामावशींबद्दल सांगितलं. ती म्हणाली की तिला आणि बाबांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. नर्सनं काही लपवलं नव्हतं.

मला एकेक गोष्ट आठवायला लागली. लहानपणी मी हट्टानं किंचाळले की आई आणि बाबा मला रागवायचे नाहीत. एकमेकांकडे बघायचे. मग बाबा मला आतल्या खोलीत टेबलाशी बसवायचे आणि वही पुढे ठेवायचे. आवाज खाली आला की दार उघडायचं. मारणं नाही, शिव्या नाहीत. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. दहाव्या वर्षी माझं बोट दारात चेमटलं तेव्हा मी आवाज केला नाही, म्हणून बाबांनी मला पेन बक्षीस दिलं होतं. खाण तशी माती, ही म्हण ते आमच्या घरात कुणाला बोलू द्यायचे नाहीत. गुलाबाच्या कलमाला बुंध्यातून रानफूट आली की ती नखानं खुडून टाकायचे आणि मला म्हणायचे, बघ, लक्ष ठेवलं की झालं.

आईला मी विचारलं, तुम्ही घाबरत होतात का मला. ती म्हणाली,

‘घाबरलो होतो गं. पण तुझ्यातलं ते आम्ही कधी वर येऊच दिलं नाही, मनू. किती शांत झालीस तू.’

तिचा आवाज अभिमानानं भरून आला होता. मी म्हटलं, हो आई. तिनं विचारलं, सगळं बरं आहे ना. मी म्हटलं, हो आई.

ते खाली आहे, आई. तुम्ही फक्त त्याचं तोंड बंद केलंत.

२७ फेब्रुवारी

उन्मेषला बोलून सांगता येत नाही, तर वाचू दे, असं ठरवलं. सकाळी ही वही ९ तारखेच्या पानावर उघडी ठेवली, त्याच्या चहाच्या कपाशेजारी. आणि बेडरूममध्ये जाऊन बसले. छाती इतकी धडधडत होती की जुई दूध सोडून बघायला लागली.

तो गेल्यावर बाहेर आले. वही मिटलेली होती. पान हरवू नये म्हणून आत पेन घातलेलं. वर चिठ्ठी होती की वही बाहेर विसरली होतीस, काळजी करू नकोस, एक अक्षरही वाचलेलं नाही.

चांगला माणूस आहे. कुणाची वही वाचत नाही.

४ मार्च

मापं जुळत नाहीत. वाढतं मूल आहे, जुळणारच नाहीत. मला माहीत आहे. हा आजार आहे हेही माहीत आहे. मी आजारी आहे. हे अक्षर बघा, किती सरळ आहे.

पण माहीत असून बघणं थांबत नाही. भिंगातून बघावं तशी ती दिसते. हिरड्या वेगळ्या. श्वासाचा वास वेगळा, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. ती माझी नाही हे तिलाही माहीत आहे आणि ती ते मला कळू देत नाही. दोघी एकमेकींशी फार सभ्यपणे वागतो.

फक्त सुभद्रामावशी आल्या की ती परत जुई होते. दोन ते चार.

९ मार्च

दिवसभरात उन्मेषला लिहिलेले आणि पुसलेले निरोप :

लवकर ये.

मला हिच्याजवळ एकटीला ठेवू नकोस.

मी बरी नाही.

पाठवलेला निरोप : येताना कोथिंबीर आण.

१४ मार्च

सुभद्रामावशी शिमग्याला गावी चालल्या. उद्या सकाळी निघणार. पालखी नाचवून दोन आठवड्यांनी येतील. फक्त त्याच नाहीत, आपल्या टॉवरमधली निम्मी घरं बंद होतील म्हणाल्या. बारावा, तेरावा, चौदावा, सगळे कोकणातलेच.

निघताना त्यांनी माझा हात धरून विचारलं. अगदी सरळ विचारलं. तुला कौसल्येसारखं काही वाटत नाही ना? वाटत असेल तर मी जात नाही, देव काही रागवायचा नाही.

इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं. घशात ते होतं, अख्खं, तयार. आणि मग बाबांच्या टेबलाशी बसल्यासारखं झालं. पाठ ताठ. हात मांडीवर.

मी म्हटलं, नाही हो मावशी, तुम्ही निवांत जा.

त्यांनी बराच वेळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग सुटकेनं हसल्या. माझ्या गालावरून हात फिरवला.

‘रूप तिचा, पण तुका वळण चांगला लागला गो.’

१८ मार्च

चार दिवस दुपारी मावशी नाहीत.

दवाखान्यात फोन केला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, तातडीचं आहे का. माझं तोंड म्हणालं, नाही नाही, सावकाश. शनिवार अकराची वेळ मिळाली. आज सोमवार. पाच दिवस.

आईला ये म्हटलं. म्हणजे म्हणणार होते. तिनं गुडघ्याचं सांगितलं. मी म्हटलं, काळजी घे.

१९ मार्च

तीन वाजता तिला उचलून बाहेर आले. घरात थांबता येत नव्हतं. मजल्यावर आठ दारं. सहांना कुलूप. सातवं आमचं. आठव्यात दर्शना म्हणून एक मुलगी राहते, घरून काम करते, कधी नीट बोलणं झालेलं नाही.

ठरवलं होतं, ओरडायचं. शब्दही नकोत. नुसतं ओरडायचं, तिच्यासारखं. कौसल्येसारखं. पॅसेजच्या मधोमध उभी राहिले. तोंड उघडलं. श्वास घेतला. तो आला आणि गेला. परत घेतला. मान दुखायला लागली. काही म्हणजे काही बाहेर आलं नाही. बेसिनचा नळ कोरडा पडल्यावर जसा नुसता वारा येतो, तसा आवाज. तेवढाच.

मग बेल वाजवली. दर्शनानं कानातले हेडफोन काढत दार उघडलं. मी म्हणणार होते, हिला घे माझ्याकडून. हिला घे आणि दार लावून घे आणि मी कितीही मागितली तरी देऊ नकोस.

मी म्हटलं, थोडं विरजण मिळेल का.

तिनं वाटी भरून दिली. बाळ गोड आहे म्हणाली. किती शांत आहे, आईवर गेलंय.

दार लागलं.

२० मार्च

उन्मेष सकाळी म्हणाला, तू दमलीस, होळीला सुट्टी आहे, कुठेतरी जाऊ या. त्याचा शर्ट धरला. सोडवून घ्यायला त्याला दोन बोटं लागली. हसला. माझ्या कपाळाचा मुका घेतला.

अठरा मिनिटं. फक्त अठरा मिनिटांवर आहे तो. खिडकीतून त्याची काच दिसते —

ती मला सांगते आहे की माझी कुठे आहे. शब्दांत नाही. बघण्यात. खाली बघते. सारखं खाली.

मी तिला काही करणार नाही. मी तिला काही करणार नाही. हे तीनदा लिहायचं. मी तिला काही

२१ मार्च

सव्वातीन. मी बाथरूममध्ये आहे. कडी आतून लावली. ती बाहेर, पाळण्यात. पोट भरलेलं, कपडे कोरडे, पट्टा लावलेला. मधे दार. हे बरोबर केलं. आठला उन्मेष येईल. तोवर दार उघडायचं नाही. पावणेपाच तास. जमेल. मी शहाणी आहे. लहानपणी आतल्या खोलीत बसायचेच की.

फोन बाहेर राहिला.

तीन पस्तीस. रडते आहे. रडू दे. रडते म्हणजे ती तिथे आहे आणि मी इथे —

तीन पंचेचाळीस. जोरात. दूध वाहतं आहे, झंपर भिजला. अंगाला कळत नाही ती कोण आहे. अंग मूर्ख आहे. नाही — उठायचं नाही —

चार. दर्शनाला ऐकू जात नसेल. कानात ते असतं तिच्या. कुणी येत नाही. कुणी धावत नाही. सगळी दारं चांगली आहेत इथली —

चार दहा. दुसरा आवाज.

वरच्या झडपेतून. पाइपांच्या पोकळीतून. खालून येतो आहे. बारीक, मधे हुंदका घेऊन. ती अशीच रडायची. अकरा आठवड्यांची असताना. तीच. माझी.

आजार आहे. मला माहीत आहे. आजार आहे, आवाज खरा नाही, मनवा, बस —

पण किती खाली आहे ती. आणि किती दिवस रडत असेल. आणि मी मापं घेत बसले —

आणि खोलीतली गप्प झाली.

एकदम. तिनंही ऐकलं.

माझ्याआधी ती तिथे पोचली तर — नाही. आधी हिला उचलायचं. मग खाली. फक्त बघून यायचं. कडी काढते. फक्त बघून